भुताने बूट काढले

स्कार्वॉय, ४ मार्च २००१

प्रिय हालवार,

आपल्याकडे पत्राची सुरुवात ‘मागच्या भेटीबद्दल आभार’ अशी करायची रीत आहे. तर आभार. मागची भेट तुझ्या आईच्या, आल्मामावशीच्या, दफनाच्या दिवशी झाली, एकतीस वर्षांपूर्वी. त्या भेटीत तू माझ्याशी पाच वाक्यं बोललास आणि माझ्या नवऱ्याशी एकही नाही. शवपेटी मात्र दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून उचललीत. तरी रीत ती रीत, म्हणून आभार.

नाताळचं कार्ड सोडून मी तुला काही लिहितेय म्हणजे काम असणार, हे तू ओळखलंच असशील. जन्मभर मास्तरकी केलीस, मुलं कशासाठी गोड बोलतात ते तुला कळतं. काम आहेच.

पेडरचे डोळे जाताहेत. मधलं आधी जातं म्हणे, कडेचं दिसत राहतं. त्यामुळे माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघतो, आणि मी मागे वळून बघते की कोण आलं. आम्ही हसण्यावारी नेतो. पण गेल्या आठवड्यात बूडोच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नाताळपर्यंत त्याला माणसांचे चेहरे दिसायचे नाहीत. परतताना बोटीत तो नुसता बसून होता, आणि पेडर बोटीत नुसता बसलेला मी लग्नापासून पाहिला नव्हता.

घरी आल्यावर मी विचारलं, नाताळच्या आत तुला काय बघायचंय ते सांग, आपण जाऊ. मला वाटलं, ट्राँडहाइमला लेकीकडे जाऊ म्हणेल. नाहीतर दक्षिणेत कुठे तरी ऊन बघायला. त्याने कॉफी संपवली आणि म्हणाला, "हालवारचा सिनेमा."

मी म्हटलं, त्या सिनेमाने तुला दिलं काय रे? एक जिवाभावाचा मित्र होता, तोही गेला. तर म्हणतो, "त्यात सगळे आहेत."

एकच प्रत आहे आणि ती तू घेऊन गेलास. पाठव. सभागृहातला जुना प्रोजेक्टर अजून चालतो, नसला चालत तर मी चालवून घेईन. मी लिहितेय हे पेडरला ठाऊक नाही. कळलं तर चिडेल, पण त्याचं चिडणं म्हणजे दोन तास लाकडं फोडणं, सरपण तरी होईल.

तुझी मावसबहीण
गुन्वोर
(तुझी नायिका, जिला तू दोन आठवडे नुसतं किंचाळायला लावलंस)


बर्गन, १९ मार्च २००१

प्रिय गुन्वोर,

पेडरच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याला सांग.

सिनेमा मात्र आता नाही. १९८१ साली तळघर आवरताना रिळं शेगडीत घातली. आधी सांगायला हवं होतं, पण कोणी विचारलंच नाही.

आणि गेलं काय त्यात, तूच सांग. आजीच्या गोष्टीतला तो द्राउग, बुडून मेलेला आणि माती न मिळालेला कोळी, अर्ध्या होडीतून येणारा, ज्याचं नाव काढलं की आपले आजोबा जाळी टाकून घरी येत, त्याच्यावर मी भयपट काढायला निघालो. काढला कधी? जुलैत! जिथे जुलैत सूर्यच मावळत नाही अशा बेटावर. हिवाळ्यात काढावा तर कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी सगळे पुरुष कॉड माशांच्या मागे. मग कॅमेऱ्याच्या काचेला निळा कागद लावून ‘मध्यरात्र’ केली. त्या मध्यरात्री द्राउग किनाऱ्यावर येतो तेव्हा त्याची सावली दहा हात लांब पडलीय, आणि मागे लार्स म्हातारा गवत कापतोय. कापतो ते कापतो, वर कॅमेऱ्याकडे बघून टोपीही काढतो.

अर्धी होडी पाण्यात बुडते, ही गोष्ट कोळ्यांच्या या बेटावर एकाही माणसाला आधी सुचली नाही. होडी करवतीने कापून झाल्यावर सुचली. म्हणून आमचा द्राउग, म्हणजे पेडर, होडीत बसून येत नाही. कमरेइतक्या पाण्यातून ती ढकलत येतो, रुसलेल्या गाईला ढकलावं तसा. डोक्यावरचं शेवाळ पेडरने खरं घेतलं, त्यात शिंपले होते, त्यामुळे एक समुद्रपक्षी सबंध प्रसंगभर भुताच्या डोक्यावर बसून जेवतोय. भुताच्या मनगटावर घड्याळ आहे. दारात चार वाजून दहा मिनिटं, आत आल्यावर एकला वीस कमी. तू खिडकीबाहेर पाहतेस तेव्हा पडदे निळे आहेत. वळून किंचाळतेस तेव्हा लाल फुलांचे. का, तर आई मधेच बूडोला जाऊन नवं कापड घेऊन आली, सिनेमात घर नीट दिसायला हवं म्हणून. आणि तुझ्या तिसऱ्या किंकाळीत उचकी आहे.

राहता राहिले बूट. शेवटचा प्रसंग, शेवटचं रीळ, कॅमेरा दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत द्यायचा. द्राउग दार उघडतो. तू भिंतीला टेकलीस. इथे माणसांनी खुर्चीच्या कडेला यायला हवं होतं. आणि तुझा नवरा उंबऱ्यावर बसतो, एक बूट काढतो, दुसरा काढतो, दोन्ही शेजारी शेजारी, टोकं दाराकडे करून मांडतो, आणि फाटक्या लोकरी मोज्यांवर तुझा जीव घ्यायला येतो.

सभागृहात लोक खुर्च्यांवरून पडले, तू होतीस. बूडोहून आलेल्या त्या वार्ताहराने छापलं, ‘भुताला घरचं वळण चांगलं आहे.’ दुसऱ्या आठवड्यात मी बेट सोडलं. तेव्हा पेडरला सांग, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हालवार


स्कार्वॉय, २७ मार्च २००१

खोटारड्या,

वीस वर्षांपूर्वी जाळलेल्या सिनेमातल्या भुताच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती, हे तुला आठवतं? मला काल काय शिजवलं ते आठवत नाही. माझ्या कितव्या किंकाळीत उचकी तेसुद्धा तुला पाठ! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. बरं, आता हेही सांग, भोक कुठल्या मोज्याला होतं, डाव्या की उजव्या? सांगशीलच तू. सांगितल्याशिवाय तुला राहवणार नाही, मी तुला लहानपणापासून ओळखते.

तुझं पत्र मी पेडरला वाचून दाखवलं. म्हणजे माझं गुपित फुटलं, पण त्याने लाकडं फोडली नाहीत. लार्सच्या टोपीला तो हसला. अर्ध्या होडीला इतका हसला की कॉफी नाकातून आली. त्या पक्ष्याला त्यांनी ‘प्रोस्त’, म्हणजे मोठे पाद्रीबुवा, असं नाव ठेवलं होतं म्हणे, तुला आठवतं का ते विचार म्हणाला. डोक्यावर बसून उपदेश करतो आणि जेवूनही घेतो म्हणून प्रोस्त. मी या माणसाला हिवाळ्यापासून असा हसताना पाहिला नव्हता.

पडद्यांच्या ओळीवर मात्र त्याने कप खाली ठेवला. उठला, कोट घातला आणि धक्क्यावर जाऊन उभा राहिला. बुटांपर्यंत आम्ही पोचलोच नाही. काय झालं विचारलं तर म्हणतो, वारा बघून आलो. वारा तर खिडकीतूनही कळत होता.

लार्स गेला, त्यालाही आता वीस वर्षं होतील. होडी कापून देणारे माझे बाबा गेले. सभागृहात पोट धरून हसलेल्यांपैकी निम्मे आता चर्चच्या मागे झोपलेत. तुझ्या त्या चुका नसत्या तर सिनेमात मी आणि पेडर दोघंच दिसलो असतो, आणि आम्हाला तर आम्ही रोज बघतो. पेडर म्हणतो त्यात सगळे आहेत, ते मला तुझ्या पत्रामुळे कळलं.

रिळं कुठे आहेत?

गुन्वोर


बर्गन, २२ एप्रिल २००१

प्रिय गुन्वोर,

डाव्या. अंगठ्यापाशी.

रिळं माझ्या पलंगाखाली आहेत, दोन पत्र्याच्या डब्यांत. जाळली नाहीत. दरवर्षी जुलैत एकदा बघतो, घरी कोणी नसताना. आधी बायको होती तेव्हा ती बहिणीकडे गेली की बघायचो. आता एकटाच आहे, तरी दार लावून घेतो.

का बघतो ते कधीच कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. त्या पत्रात मी एक चूक लिहिली नाही. बूट मांडून झाल्यावर पेडर उठतो, आणि पडद्याच्या डाव्या कडेने एक हात येतो. हाताला पिठाचा डाग आहे. तो हात बुटांखाली वर्तमानपत्र सरकवतो, शेवाळाचं पाणी जमिनीवर सांडू नये म्हणून, आणि जातो. एक सेकंद असेल नसेल. आईचं हलतं चित्र माझ्याकडे तेवढंच आहे. मी शेजारी उभा राहून दोन आठवडे कॅमेरा फिरवत होतो, आणि तिच्याकडे एकदाही वळवला नाही.

त्या सभागृहात सगळ्यात मोठा हशा त्या हाताला झाला. पहिल्या रांगेत ती स्वतः हसली. मी दाराशी उभा होतो. लोक माझ्यावर हसले ते मी गिळलं असतं, पण त्या हातावर हसले. म्हणून मी तो पुन्हा कोणाला दाखवणार नाही असं ठरवलं.

आता पेडरचं. तुम्ही सगळे म्हणालात, सवय हो, दारात आला की हात आपोआप बुटांकडे जातो. मीही हो म्हटलं. पण गुन्वोर, आदल्या दिवशी मी त्या प्रसंगाची तीनदा तालीम घेतली होती, आणि तिन्ही वेळा तो बुटांसकट आत आला होता. चिखल करत. तेव्हा सवय कुठे गेली होती? खऱ्या वेळी त्याने जाणूनबुजून काढले. मी तुला सिनेमा घेऊन ऑस्लोला नेणार होतो, नाटकवाल्यांना दाखवणार होतो, हे त्याला ठाऊक होतं. सिनेमा बुडाला, तू राहिलीस, पुढच्या जूनमध्ये तुमचं लग्न झालं. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण धक्क्यावर मी त्याला तोंडावर म्हटलं, तू माझा सिनेमा बुडवलास, आणि तो माझ्याकडे बघत नुसता उभा राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

मी डबे पाठवतो. एक अट आहे. का काढले ते त्याने मला स्वतः लिहावं. तुझ्या हाताने नको.

हालवार


स्कार्वॉय, १ मे २००१

हालवार,

जाड काळ्या पेनने लिहितोय. कडेने बघत लिहावं लागतं. ओळी वाकड्या होतील. तू मास्तर आहेस, गुण काप.

तालमीच्या दिवशी मी तीनदा चिखलाचे बूट घेऊन आत आलो, हे खरं. ती सगळी जमीन दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईने पुसली. मी लवकर आलो होतो, शेवाळ बांधायला. ती गुडघ्यांवर होती. हिरवा साबण, ब्रश. मी म्हटलं, द्या इकडे. तिने दिला नाही. चार वेळा थांबली. चौथ्या वेळी शेगडीला धरून उठली आणि खूप वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "झालं. आता परत पुसणं माझ्याने व्हायचं नाही."

ती आजारी होती. मला जुलैच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. मीच माझ्या होडीतून तिला बूडोला डॉक्टरांकडे नेलं. परतताना ती कापडाच्या दुकानात थांबली. म्हणाली, हालवार विचारेल कुठे गेला होतात, हातात काहीतरी हवं. ते लाल फुलांचं कापड.

तिने मला शपथ घातली. म्हणाली, कळलं तर तो सिनेमा टाकून माझ्या उशाशी बसेल, आणि त्याच्या सिनेमाशिवाय या उन्हाळ्यात मला दुसरं काही बघायचं नाही.

मग तू ओरडलास, चल. मी दार उघडलं. जमीन अजून ओली होती. माझ्या बुटांत समुद्र होता. ती तुझ्या कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसली होती. मी आत आलो असतो तर ती परत गुडघ्यांवर बसली असती. तुझी आई दुसऱ्या कोणाला पुसू देत नसे, तुला ठाऊक आहे.

मला कळत होतं तुझं शेवटचं रीळ आहे. म्हणजे हो, मी जाणूनबुजून काढले. गुन्वोरच्या ऑस्लोचा विचारही आला नाही. तेवढा हुशार मी नाही.

धक्क्यावर तू ते बोललास तेव्हा सांगावंसं वाटलं. पण तुझ्या मागे ती उभी होती, शाल घेऊन. तिने मान हलवली. तेवढ्यानेच नको म्हणाली.

ती गेल्यावर सांगता आलं असतं. पण आई आजारी होती आणि आपल्याला दिसलं नाही, आपण तिला तशीच सोडून आलो, हे तुला कळण्यापेक्षा पेडर गाढव आहे हे बरं, असं वाटलं. त्याची मला सवय झाली. ती मात्र खरी सवय.

आता डोळे जाताहेत तर स्वार्थी झालोय. तो हात मलाही बघायचाय.

पेडर


स्कार्वॉय, ११ जून २००१

प्रिय हालवार,

सहा आठवडे झाले.

पेडरने काय लिहिलं ते मला ठाऊक नव्हतं, पाकीट त्याने स्वतःच चिकटवलं. बोटीवर टाकून आला आणि मग स्वयंपाकघरात उभा राहून मला सगळं सांगितलं, कोटसुद्धा न काढता. एकतीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपतेय. मावशी आजारी आहे हे मला नाताळनंतर कळलं, आणि याला जुलैत ठाऊक होतं! मी त्याच्यावर दोन दिवस चिडले, मग तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी वाफेल केले. अजून काय करणार?

तू रागावलास की रडतोयस की दोन्ही, मला इथून कळत नाही. मावशीच्या त्या शेवटच्या हिवाळ्याबद्दल तू स्वतःला खात बसला असशील तर एक ऐक. दर आठवड्याला तुझं पत्र यायचं आणि ती ते मला दोनदा वाचायला लावायची. एकदा बातमीसाठी, एकदा तुझं शुद्धलेखन किती चांगलं आहे ते मी ऐकावं म्हणून. सभागृहातल्या त्या दिवसाबद्दल ती काय म्हणायची माहीत आहे? म्हणायची, "एवढी माणसं एका वेळी एवढी हसलेली मी कधी पाहिली नाहीत, आणि तो माझ्या पोराचा सिनेमा होता." तू हे कधी ऐकलं नाहीस, कारण ऐकायला थांबला नाहीस. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. म्हणजे थोडंसं टोचायलाच.

आणि ऑस्लोला मी येणार नव्हते रे बाबा. तुझ्या डोक्यात होतं ते. मला बोट लागते हेसुद्धा तू विसरलास.

पेडर दर गुरुवारी धक्क्यावर जातो. बोट आली की माणसं उतरताना त्यांच्याकडे कडेने बघत राहतो. हवा बघायला गेलो होतो म्हणतो. काल टेबलावरची कपबशी उचलताना त्याचा हात बाजूला पडला. नाताळ म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई, पण मला नाही वाटत तेवढा वेळ आहे.

शिव्या दे हवं तर, पण गप्प राहू नकोस.

गुन्वोर


(पोस्टकार्ड. बर्गन, १६ जून २००१)

येत्या गुरुवारच्या बोटीने येतोय. डबे पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही, बरोबर आणतो. आईच्या घरातच दाखवू. जमीन पुसत बसू नकोस. — हालवार


बर्गन, २ जुलै २००१

प्रिय गुन्वोर,

मागच्या भेटीबद्दल आभार. हे शब्द मी आयुष्यात हजारदा लिहिले असतील, बहुतेक वेळा न बघता. आज खुर्ची पुढे ओढून लिहिले.

सिनेमाच्या वेळचं तुला काय सांगू, तू होतीसच. तरी सांगतो, कारण तुझं लक्ष पेडरकडे होतं. भर उन्हाळ्यात खोलीत अंधार करायला तू ट्रंकेतून ते लाल फुलांचे पडदे काढलेस तेव्हा मी कॉफी बघायच्या निमित्ताने आत गेलो. वर तीन घोंगड्या टांगून शेवटी जमलं एकदाचं. बेटावर एकदाची रात्र झाली, असं पेडर म्हणाला. भिंतीवरच्या चादरीला गाल टेकवून, तिरका बसून तो बघत होता, आणि कोण आलं ते त्याला तुझ्याआधी कळत होतं. लार्सने टोपी काढली तेव्हा त्यानेही काढली. प्रोस्त डोक्यावर बसला तेव्हा तुम्ही दोघं लहान मुलांसारखे ओरडलात.

बूट आले. मग हात आला. कोणी हसलं नाही असं लिहिणार होतो, पण खोटं बोलणं मी सोडलंय. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. एकतीस वर्षं मी तो हात एकट्याने, दार लावून, रडत पाहिला. तो हसण्यासाठीच होता, गुन्वोर! भूत दारात उभं आहे आणि बाईला काळजी जमिनीची. पेडर म्हणाला, परत लाव. सहा वेळा लावला. सहाव्या वेळी त्याने चादरीवर, जिथे तो हात यायचा तिथे, आपला पंजा ठेवला आणि हात त्याच्या पंजावरून गेला. ते तू पाहिलंस, म्हणून अधिक लिहीत नाही.

तुला ठाऊक नाही ते त्याच्या आधीचं. बोट त्या दिवशी वीस मिनिटं लवकर लागली. तू प्रोजेक्टर आणायला सभागृहात गेली होतीस, आणि पेडरला तू धक्क्यावर न जाता आईच्या घरी बसायला लावलं होतंस. मी सरळ आईच्या घरी आलो.

बर्गनपासून मी एक भाषण पाठ करत आलो होतो. रेल्वेत केलं, बोटीत केलं. सुरुवात चांगली होती, मधे आईबद्दल होतं, शेवटी क्षमा मागितली होती. मास्तरला भाषण जमतं. दार उघडंच होतं. आत खिडकीपाशी पेडर बसला होता, माझ्याकडे पाठ करून. केस सगळे पांढरे. त्या पाठीकडे बघितलं आणि मी सगळं विसरलो. दोन्ही बगलांत दोन डबे, रस्त्यावरच्या पावसाच्या डबक्यातून आलेलो, तसाच आत निघालो.

तो वळला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, बघूनही चेहरा दिसला नसता. तो थोडा खाली, बाजूला, जमिनीकडे बघत होता. आणि म्हणाला, "बूट."

मी एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर असा उभा राहिलो.

तो म्हणाला, "गुन्वोरने सकाळी पुसलंय. नको म्हणाला होतास तरी पुसलंय."

मी डबे खाली ठेवले. उंबऱ्यावर बसलो. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत, वेळ लागला. एक बूट काढला, दुसरा काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, टोकं दाराकडे. मुद्दाम तसं केलं नाही, हात आपोआप तसे गेले. पेडर कान देऊन सगळं ऐकत होता. मग पायांनी चाचपत आला, त्याच्या हातात कालचं वर्तमानपत्र होतं. तो वाकला, बूट कुठे आहेत ते बोटांनी शोधलं आणि कागद त्यांच्याखाली सरकवला.

उभा राहिला आणि म्हणाला, "कट."

तू आलीस तेव्हा दोन म्हातारे मोज्यांवर उभे राहून एकमेकांच्या खांद्याला धरून का हसताहेत, असं तू विचारलंस आणि आम्ही सांगितलं नाही. ते सांगायला हे पत्र लिहिलं.

डबे तिथेच राहू देत, आईच्या पलंगाखाली. जमीन पुसताना तेवढे उचलून ठेव. ऑगस्टमध्ये येतो. तोपर्यंत त्याला जे दिसतंय ते मला कळव, आणि जे दिसत नाही ते त्याला तू सांगत जा.

तुझा
हालवार

ता. क. त्या दिवशी माझ्याही मोज्याला भोक होतं. डाव्या, अंगठ्यापाशी. पेडरला दिसलं नसेल. त्याला सांग.